मावशींची ढोलकी आणि सातशे रुपयांची चूक

आज आम्ही बचतीचं, शेळीचं किंवा परसबागेचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते एका लाकडी फळीबद्दल. त्या फळीवर पाच चौकोन आहेत, खाली वायरी आहेत आणि एक वायर मोबाईलला जाते. चौकोनावर बोट आपटलं की स्पीकरमधून ढोलकी वाजते. ही फळी आमच्या गटाने घरी बनवली. ती बनवताना आमचे सातशे रुपये वाया गेले आणि मीटिंगमध्ये चांगली भांडणं झाली. त्या सातशे रुपयांत आम्ही काय शिकलो ते तुम्हाला फुकट सांगायचं, एवढ्याचसाठी आज माइकसमोर बसलो आहोत.

आमच्या गटातल्या आठ जणींचं भजनी मंडळ आहे. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं असं काही असलं की बोलावणं येतं, दीड हजार बिदागी मिळते. ढोलकीला आमच्या मावशी. त्या बावीस-तेवीस वर्षं वाजवतायत. बाईमाणसाने ढोलकी धरली म्हणून गावाने नावं ठेवली, तेव्हापासूनच्या त्या. मागच्या वर्षी भाद्रपदात त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखाना झाला, चालायला लागल्या, बोलणंही बरंचसं सुधारलं. पण उजव्या हाताच्या बोटांत जोर आला नाही. हात उचलतो, पण थाप पडत नाही. आणि ढोलकीचा चढा आवाज काढायचा तो उजव्या हातानेच.

दिवाळीनंतर त्या भजनाला आल्या आणि मांडीवर डाव्या हाताने ताल धरून बसल्या. दोनदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, "बायांनो, नुसतं बसून काय करू? तुमची जागा अडते." ढोलकीला मग बाहेरचा गडी बोलवावा लागायचा. दीड हजारातले पाचशे त्याला जायचे, ते जाऊ द्या. पण मावशींचं ते "जागा अडते" आम्हाला फार लागलं.

आमच्या गटातली एक मुलगी, म्हणजे आमच्या सचिवांची पुतणी, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आहे. एलईडी बल्ब दुरुस्तीचं प्रशिक्षण झालं त्यात तिने आम्हा चौघींना डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला शिकवलं होतं. तीच म्हणाली, "काकू, आपण मावशींना एक मिडी पॅड बनवून देऊ. हलकं बोट लागलं तरी जोरात वाजेल असं करता येतं."

मिडी म्हणजे काय हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल, म्हणून आधी ते सांगतो. पूर्ण नाव म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. टीव्हीच्या रिमोटमध्ये चित्र नसतं ना? रिमोट फक्त निरोप देतो, अमुक चॅनल लाव, आवाज वाढव. तसंच मिडीच्या वाद्यात आवाज नसतो. ते फक्त निरोप देतं. निरोपात मुख्य तीन गोष्टी असतात. सूर सुरू कर की बंद कर, कुठला सूर, आणि किती जोराने. सुरांना शून्यापासून १२७ पर्यंत आकडे दिलेले आहेत, जोरालाही तसेच. हा निरोप मोबाईलला किंवा कॉम्प्युटरला मिळतो आणि तिथलं अ‍ॅप त्या आकड्याचा आवाज वाजवतं. म्हणजे आवाज सतारीचा घाला, तुतारीचा घाला, नाहीतर कुत्र्याच्या भुंकण्याचा घाला, फळीला काही देणंघेणं नाही. (आमच्या घरच्या पोरांनी भुंकण्याचा घालून पाहिलाच.)

ही पद्धत नवीन नाही. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे की-बोर्ड एका वायरीने जोडून दाखवले, एक अमेरिकेचा आणि एक जपानचा. एकावर वाजवलं की दुसरा वाजायचा. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या, पण निरोपाची भाषा एकच ठेवायची यावर त्यांचं जमलं. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघांना त्याबद्दल २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळाला. सिनेमातलं संगीत असो की लग्नातला की-बोर्डवाला, सगळीकडे आजही हीच भाषा चालते. आणि ही भाषा कुणा एकाच्या मालकीची नाही, म्हणून आपल्यासारख्यांनाही तसं वाद्य घरी बनवता येतं.

दुकानात तयार पॅड मिळतात. चौकशी केली. ब्रँडचं चांगलं पॅड आमच्या आवाक्याबाहेर. स्वस्तातली रबरी मिळतात, पण त्यांना बऱ्यापैकी जोराने मारावं लागतं आणि चौकोन लहान लहान. मावशींना हवे होते हाताच्या पंजाएवढे आणि सगळे डावीकडे झुकलेले. तसं कुणी बनवत नाही.

मग मंडळाने गटाकडे तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. इथून आमची गंमत सुरू झाली. गटातल्या एका ताईंचा दळणाच्या चक्कीसाठीचा अर्ज तीन मीटिंगा लांबला होता. त्या म्हणाल्या, "माझ्या चक्कीला तीन महिने विचार आणि या खेळण्याला एका बैठकीत पैसे?" त्यांचं चुकीचं नव्हतं. आम्ही सांगितलं, बिदागीतून दरमहा हप्ता देऊ, व्याज सगळ्यांना आहे तेच, शेकडा दीड. अध्यक्ष मावशींच्या सुनेच्या मैत्रीण, त्यांनी बाजूने हात वर केला. झालं मंजूर.

आणि आम्ही पहिलीच चूक केली. घाई.

या फळीचा मेंदू म्हणजे एक छोटा बोर्ड असतो, बिस्किटाच्या अर्ध्या तुकड्याएवढा. या जातीच्या बोर्डांना आर्डुइनो म्हणतात. इटलीतल्या एका गावातल्या शिक्षकांनी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी ते सुरू केलं आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. त्यामुळे त्याच्या स्वस्त नकला बाजारात भरपूर आहेत आणि त्या बेकायदा नाहीत. आम्ही फोनवर शोधलं, "आर्डुइनो नॅनो" नावाचा बोर्ड दिसला, लहान आणि स्वस्त. एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून दोन मागवले. सहाशे चाळीस रुपये, घरपोचचे साठ. सातशे.

आले. मुलीने लॅपटॉपला लावून बघितले, दिवा लागला, सगळं छान. पण फोनला जोडला तर फोन त्याला वाद्य म्हणून ओळखेचना. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की नॅनोवर जी मुख्य चिप असते तिला यूएसबीची वायर स्वतः बोलता येत नाही. मध्ये दुसरी एक दुभाषी चिप बसवलेली असते, आणि त्या दुभाषाला मिडीची भाषा येत नाही. आपल्याला हवा होता तो "३२यू४" चिपचा बोर्ड. दुकानात तो "प्रो मायक्रो" किंवा "लिओनार्डो" नावाने मिळतो. तो थेट यूएसबीने मिडी बोलतो. नॅनो वाईट नाही, इतर शंभर कामांना चालतो, मिडीलाही आडवळणाने वापरता येतो. पण फोनला सरळ जोडायचा तर हा नाही.

परत करायला गेलो तर पाकीट फोडलेलं, विकणाऱ्याने नाही म्हटलं. पुढच्या मीटिंगला आम्ही हे सगळं उघड सांगितलं. लपवलं असतं तर वहीत काय लिहिणार होतो? चक्कीवाल्या ताई काही बोलल्या नाहीत, नुसतं आमच्याकडे बघितलं. ते जास्त झोंबलं. एकीने सुचवलं की हे थांबवा, उरलेले तेवीसशे परत करा. एकमत होईना. शेवटी मावशींनाच बोलावलं. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी म्हणून नका करू. पण तुम्हाला शिकायचं असेल तर अर्ध्यात सोडू नका." मग ठरलं की यापुढे एकही वस्तू यादीशिवाय घ्यायची नाही आणि शक्यतो हातात धरून, बघून घ्यायची.

म्हणून आम्ही दोघी पुण्याला गेलो, मी आणि ती मुलगी. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा हा खरा उपयोग. स्वारगेटला उतरलो, मंडईकडून चालत बुधवार पेठेत. दगडूशेठच्या देवळापासून जवळच तपकीर गल्ली आहे. गल्ली अरुंद, पण इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकाला एक लागून. तुम्ही मुंबईकडच्या असाल तर तुमच्यासाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. जाण्याआधी दुकानाला फोन करून चालू आहे का आणि वस्तू शिल्लक आहे का विचारा. दुपारी बंद दुकानापुढे उन्हात बसायची आमची हौस एकदाच फिटली.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काय मॅडम, मिक्सरचं काही का?" आम्ही यादी पुढे केली. यादी छापील किंवा सुवाच्य असावी बरं का, तोंडी सांगू नका. यादी बघून त्याने आतल्या वयस्कर माणसाला हाक मारली, आणि ते काका फार चांगले भेटले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या आम्हाला कुठेच मिळाल्या नव्हत्या.

एक म्हणजे, फिरवायचं बटण, ज्याला दुरुस्तीवाले "व्हॉल्यूम" म्हणतात, त्यावर ए किंवा बी लिहिलेलं असतं. बी म्हणजे सरळ चढणारं, ए म्हणजे कानाच्या हिशोबाने वाकडं चढणारं. मिडीला बी दहा के घ्यायचं. ए घेतलं तर अर्ध्यापर्यंत फिरवूनही आकडा फारसा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो.

दुसरं म्हणजे, पिझोची चकती वायर लावलेलीच घ्या. पिझो म्हणजे पितळी पत्र्यावर पांढरा थर दिलेली गोल चकती, मोठ्या बांगडीच्या आतल्या गोलाहून लहान, आम्ही ३५ मिलिमीटरची घेतली. तिच्यावर आघात झाला की ती क्षणभर वीज तयार करते. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये दाबल्यावर ठिणगी उडते, तीही याच गुणाने. मेरी क्युरींचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यांचे यजमान पिएर आणि दीर जाक या दोघांनी १८८० साली हा गुण शोधला. तर या चकतीच्या पांढऱ्या भागाला आपण घरी डाग द्यायला गेलो आणि इस्त्री, म्हणजे सोल्डरची, जास्त वेळ टेकली, की तो थर तडकतो. चकती दहा रुपयांची, पण पाच तडकल्या की पन्नास गेले.

वहीत लिहिलेला खर्च तसाच वाचून दाखवतो. ३२यू४ चा बोर्ड ५२०. वायर लावलेल्या दहा चकत्या १००. एक मेगाओहमचे रेझिस्टर २०. पाच पूर्णांक एक व्होल्टचे झेनर डायोड २०. बी दहा के व्हॉल्यूम तीन, ६०, त्यांच्या टोप्या ३०. सोल्डरची तार १२०. आवरणाची बारीक वायर तीन मीटर ६०. डेटा केबल १२०. फोनला लावायचं ओटीजी ५०. एकूण अकराशे. जाणं-येणं, चहा आणि वडापाव ४१०. पक्कं बिल मागून घेतलं, नाहीतर गटाच्या वहीला काय जोडणार? हे भाव आम्हाला पडले ते, तुमच्याकडे कमीजास्त होतील. बोर्ड घेताना ५ व्होल्टचा सांगा. तसाच दिसणारा ३.३ व्होल्टचाही मिळतो, आणि त्यात पाच व्होल्टचा समजून प्रोग्राम भरला तर बोर्ड रुसून बसतो.

काही वस्तू मात्र विकत घेऊ नका. बाजारच्या गावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बंद पडलेल्या वस्तूंचा ढीग असतो. जुन्या स्पीकरच्या डब्यातलं व्हॉल्यूम, गाणं वाजवणाऱ्या खेळण्यातली पिझोची चकती, रिमोटची रबरी बटणं, हे वीस-तीस रुपयांत किंवा ओळखीवर फुकट मिळतं. पण जे सरळ घरच्या प्लगवर चालतं, जुना टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर, ते आपण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या काही भागांत वीज साठून राहते. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

आता बनवण्याचं. सगळं सांगत बसलो तर वेळ संपेल, म्हणून जिथे अडलो तेवढंच. चकतीची एक वायर बोर्डाच्या अ‍ॅनालॉग खिळ्याला, दुसरी जमिनीला, म्हणजे ग्राउंडला. दोन्हींच्या मध्ये एक मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे आघातानंतरची वीज लगेच ओसरते. त्याच्यावर तपकिरी, काळा, हिरवा असे पट्टे असतात. त्याच्याच शेजारी झेनर, कारण जोरात थाप पडली तर चकती बोर्डाला झेपणार नाही इतकी वीज देते. झेनरचा पट्टा बोर्डाच्या खिळ्याकडे. आम्ही एक उलटा लावला होता आणि एक चौकोन मुका राहिला, अख्खी दुपार गेली. सोल्डरच्या तारेत शिसं असतं, म्हणून काम झालं की साबणाने हात धुवायचे, जिथे स्वयंपाक होतो तिथे हे काम करायचं नाही, आणि गरोदर बाईने आणि लहान पोरांनी जवळ बसायचं नाही. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका.

सुताराने अडीचशेत फळी आणि खालचा खोका करून दिला. चौकोनांना रबर पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबचं. पहिल्यांदा आम्ही पाचही चकत्या एकाच फळीला चिकटवल्या. एका चौकोनावर मारलं की शेजारचे दोनही वाजायचे. का, तर लाकडातून धक्का सगळीकडे जातो. मग प्रत्येक चौकोनाला प्लायवूडचा वेगळा तुकडा केला आणि खाली जुन्या स्लिपरचा तळवा कापून लावला. शेजाऱ्यांचं वाजणं थांबलं. स्लिपर अध्यक्षांच्या. त्या अजून विचारतात माझी दुसरी कुठे गेली.

दुसरी अडचण, एक थाप मारली की दोनदा वाजायचं. चकती मारल्यावर थरथरते, बोर्डाला वाटतं पुन्हा मारलं. प्रोग्राममध्ये एकदा आघात आला की तीस मिलिसेकंद त्या चौकोनाकडे लक्षच द्यायचं नाही असं मुलीने लिहिलं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर आणि मिडीचा तयार तुकडा दोन्ही फुकट मिळतात. आम्हाला ते लिहिता येत नाही, हे कबूल. पण कुठला आकडा कशासाठी आहे ते आम्ही तिच्याकडून वहीत मराठीत लिहून घेतलं. उद्या ती लग्न होऊन गेली तर फळी बंद पडायला नको.

महत्त्वाचा भाग जोराचा. मावशी डाव्या हाताने नेहमीसारखी थाप देतात, उजव्याची बोटं नुसती टेकतात. मुलीने त्या दोन बाजूंचा हिशोब वेगळा ठेवला. उजवीकडच्या दोन चौकोनांना चकतीतून आलेला लहान आकडाही मोठा करून पाठवायचा, डावीकडच्या तिघांचा आहे तसा. आणि एक व्हॉल्यूम बसवलं ते या उजव्या बाजूच्या नाजूकपणाचं. ज्या दिवशी हात जड असेल त्या दिवशी मावशी स्वतःच ते फिरवतात. दुसरं व्हॉल्यूम एकूण आवाजाचं. तिसरं शिल्लक आहे.

आवाज कुठून आणायचा? फोनच्या अ‍ॅपमध्ये ढोलकी होती, पण मावशींनी ऐकून तोंड वाकडं केलं. "ही कुणाची? पत्र्याची का?" मग त्यांचीच ढोलकी काढली. चढवली, सूर लावला. एका वेळी एकच थाप मारायची होती, त्याला एक हात पुरतो. ढोलकी फिरवून फिरवून त्या डाव्या हाताने एकेक बोल वाजवत गेल्या, ना, तिं, धुम. खोलीची दारं लावली, पंखा बंद केला, कोंबड्या परड्यात हाकलल्या. एकेका बोलाला वीस-वीस वेळा. घामाघूम झाल्या, पण "हा नको, हा बोदा आला, परत घे" असं त्याच सांगत होत्या. किती महिन्यांनी त्यांचा तो हुकमाचा आवाज ऐकला. तर आज त्या फळीतून येतात त्या मावशींच्या स्वतःच्या थापा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फळी पहिल्यांदा बाहेर काढली, आणि फजिती झाली. घरी हेडफोनवर बरोबर वाजत होती. तिथे मंडळाचा ब्लूटूथ स्पीकर लावला. मावशींनी थाप मारली की आवाज मागून येतोय, जराच, पण मागून. पहिल्या अभंगात पेटी एकीकडे, टाळ एकीकडे. मावशी थांबल्या आणि हात मांडीवर ठेवला. त्या दिवशीचं भजन आम्ही टाळांवरच उरकलं. येताना टेम्पोत कुणी बोललं नाही.

कारण साधं होतं. ब्लूटूथ आवाज गोळा करून, बांधून, मग हवेतून पाठवतं, त्यात वेळ जातो. गाणं ऐकताना ते कळत नाही, वाजवताना लगेच कळतं. ऐंशी रुपयांची वायर आणली, फोनमधून सरळ स्पीकरला, आणि आवाज हाताखाली आला. फोन मात्र हेडफोनचं भोक असलेला लागतो, नव्या बऱ्याच फोनना ते नसतं. आम्ही सचिवांच्या मुलाचा जुना फोन कामाला लावला. ओटीजी चार्जिंगच्याच जागी बसतं, म्हणून फोन आधी पूर्ण चार्ज करून न्यायचा. आणि हो, केबल. चार्जिंगची प्रत्येक केबल डेटा नेत नाही. बॅटरीच्या टॉर्चबरोबर येते तशा केबलमध्ये बऱ्याचदा नुसत्या विजेच्या दोन तारा असतात. तिने बोर्डाचा दिवा लागतो आणि फोनला काही दिसत नाही, आणि आपण बोर्डाला शिव्या देतो. आम्ही डेटा केबलला लाल दोरा बांधून ठेवलाय.

चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला मावशी पुन्हा मध्ये बसल्या. दीड तास वाजवलं. मध्येच एका अभंगाला लय वाढवून त्यांनी पेटीवाल्या काकूंना पळवलं, ही त्यांची जुनी खोड. घरमालकीण विचारत होती ढोलकी कुठाय, दिसत तर नाही.

आता जे जमलं नाही तेही सांगायला हवं. ढोलकीच्या धुमेवर तळहात घासून जो घुमारा काढतात, तो या फळीतून येत नाही. पाच चौकोनांत सगळे बोल मावत नाहीत. बोर्डावरचं केबल लावायचं तोंड फार नाजूक, ओढ बसली तर उखडून येतं. आम्ही केबल खोक्याला आतून बांधून टाकली. आणि गावच्या सप्ताहात आम्ही ही फळी नेली नाही. एका वडीलधाऱ्यांनी "मशीन देवळात नको" म्हटलं होतं, तेव्हा आम्ही भांडायच्या तयारीत होतो. पण मावशीच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. माउलीपुढे कातड्याचंच वाद्य पाहिजे." सप्ताहात त्या टाळ घेऊन उभ्या राहिल्या, डाव्या हाताला टाळ बांधून.

हिशोबाचं राहिलं. तीन हजारांतले दोन हजार पाचशे चाळीस खर्च झाले, त्यात ते सातशे आले. चारशे साठ गटाला परत केले. बाहेरच्या गड्याचे पाचशे आता वाचतात, त्यातून हप्ता जातो, दोन हप्ते राहिलेत. चक्कीवाल्या ताईंची चक्की वैशाखात आली. उद्घाटनाला वाजवायला त्यांनी मंडळालाच बोलावलं आणि बिदागी पूर्ण दिली. आम्ही कमी घ्यायला तयार होतो, त्यांनी ऐकलं नाही.

त्या दोन नॅनो बोर्डांपैकी एकाचं मुलीने पाण्याच्या टाकीचं घंटीयंत्र केलं, टाकी भरली की ओरडतं. दुसरा डब्यात आहे.

शेजारच्या गावच्या शाळेतून विचारणा आली आहे. तिथे एका मुलीला हाताची तीनच बोटं आहेत आणि तिला पेटी शिकायची आहे. पेटीच्या पट्ट्यांऐवजी मोठी बटणं लावून करता येईल असं आमची मुलगी म्हणते. सामान किती लागेल याची यादी झाली आहे. मजुरी किती लावायची यावर आमचं अजून ठरत नाही. एकजण म्हणते शाळेकडून काही घ्यायचं नाही, दुसरी म्हणते चार दिवसांची रोजगारी तरी धरायलाच हवी, नाहीतर पुढच्या वेळी कुणी बसणार नाही. गुरुवारच्या मीटिंगला हा विषय आहे.

फळी बघायची असेल तर त्याच मीटिंगला या, दुपारी तीनला, समाजमंदिरात. येताना घरात पडलेले बंद रिमोट, आवाज करणारी मोडकी खेळणी, जुने बिनकामाचे स्पीकर असतील ते घेऊन या. टीव्ही आणू नका.